न वाजवलेलं

आपल्याकडे "तू अजिबात बदलला नाहीस" हे कौतुक असतं आणि "तो आता बदलला" ही तक्रार. वीस वर्षांनी भेटलेल्या मित्राला आपण पहिलं वाक्य तोंडावर म्हणतो. दुसरं त्याच्या पाठीमागे. कलावंताच्या बाबतीत तर आपण फारच कडक. त्याच्या ज्या कामावर आपला जीव जडला, ते काम म्हणजे त्याने आपल्याला दिलेला शब्द, असं धरून चालतो. त्याने तसा शब्द कधी दिलेलाच नसतो.

या विषयाचा विचार करताना मी नेहमी एकाच तबकडीपाशी येऊन थांबतो.

टॉक टॉक हा लंडनचा बँड. १९८६ साली त्यांचा 'द कलर ऑफ स्प्रिंग' आला आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढला. पाठोपाठचा अल्बम १९८८ चा, 'स्पिरिट ऑफ ईडन'. दोन्हींवर गाणारा एकच, मार्क हॉलिस. ड्रमवर ली हॅरिस, बेसवर पॉल वेब. हॉलिसच्या बरोबरीने गाणी रचणारा आणि निर्मिती सांभाळणारा टिम फ्रीझ-ग्रीन तोच. कंपनी तीच. मुखपृष्ठाचं चित्र काढणारा जेम्स मार्शसुद्धा तोच. आणि तरी दुसरी तबकडी लावली की पाकिटात भलतीच आली असावी असं वाटतं.

मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा सुरुवातीची दोन मिनिटं नुसता आवाज वाढवत होतो. लांबून येणारं ट्रंपेट, तंतुवाद्यांचा पातळ पडदा. ठेका नाही, शब्द नाहीत, पकडावं असं काही नाही. मग सावकाश गिटार आली, ठेका आला, गाणारा आला, आणि मध्येच माउथ ऑर्गन असा फाटून किंचाळला की मी खुर्चीतून उठलो. वाढवून ठेवलेला आवाज माझ्याच अंगावर आला होता.

ऐकणाऱ्याने शांतता भरून काढायला घेतली की असं होतं.

*

सुरुवात सांगायला हवी. १९८२ साली हा बँड ई.एम.आय.कडून आला. त्याच कंपनीचा डुरान डुरान हा बँड तेव्हा जोरात होता. दोघांचा त्या वेळचा निर्माता एक, कॉलिन थर्स्टन. दौऱ्यावर डुरान डुरानच्या आधी टॉक टॉक वाजवायचा. दोघांच्या नावात एकच शब्द दोनदा. एवढ्यावर वर्तमानपत्रांनी दोघांना एका पिशवीत घातलं. सिंथेसायझर, नीटनेटके कपडे, गुणगुणता येतील अशा चाली.

हॉलिसने पुढे सांगितलं की सिंथेसायझर त्याला कधीच आवडले नव्हते. माणसं बोलावून वाद्यं वाजवून घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ते होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तरुण बँडचा बाज बऱ्याचदा त्याच्या खिशाने ठरवलेला असतो. आपण त्याला शैली म्हणतो, त्याच्यावर प्रेम करतो, आणि खिसा भरल्यावर त्याने ती सोडली की त्याला बेइमान ठरवतो.

१९८४ च्या 'इट्स माय लाइफ' गाण्याची चित्रफीत टिम पोपने केली. तीत जंगलातल्या प्राण्यांची दृश्यं आहेत आणि मधूनमधून हॉलिस दिसतो. तो गाण्यावर ओठ हलवत नाही. त्याच्या मिटलेल्या तोंडावर हाताने काढलेल्या रेघा नाचतात. कंपनीला हे पटलं नाही. मग दुसरी चित्रफीत करवून घेतली. तीत बँड त्याच दृश्यांपुढे उभा राहून मुद्दाम हास्यास्पद वाटावं असं तोंड हलवतो. चार वर्षांनी काय होणार होतं ते त्या मिटलेल्या ओठांत आधीच होतं. माणूस एका रात्रीत बदलत नाही. आपलं लक्ष मात्र एका रात्रीत जातं.

*

युरोपात गाणी चालली, 'सच अ शेम' जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये घराघरांत पोचलं, आणि पैसे आले. 'द कलर ऑफ स्प्रिंग'मध्ये सिंथेसायझर बाजूला सरकले. स्टीव्ह विनवूड ऑर्गन वाजवायला आला. लाकडाची, तारेची, श्वासाची वाद्यं आली. चाली मात्र अजून हाताला लागत होत्या. 'लाइफ्स व्हॉट यू मेक इट' आजही कुठे लागलं तर पाय ठेका धरतो. म्हणजे बदल याच अल्बममध्ये सुरू झाला होता. लोकांना तो आवडला म्हणून कुणी त्याला बदल म्हटलं नाही.

यशाचे दोन उपयोग असतात. एक, तेच पुन्हा करायची परवानगी मिळते. दोन, ते पुन्हा न करायची ऐपत येते. बहुतेक जण परवानगी वापरतात.

हॉलिसने ऐपत वापरली. अल्बम चांगला खपल्यामुळे कंपनीने पुढच्यासाठी हात मोकळा सोडला. बँडने त्या पैशांतून वेळ विकत घेतला. मला वाटतं, कलावंताने पैशांतून घ्यावी अशी ती एकच वस्तू आहे.

*

१९८७ साली उत्तर लंडनमध्ये, हायबरीच्या वेसेक्स स्टुडिओत काम सुरू झालं. ती मुळात चर्चच्या आवारातली सभागृहाची इमारत. सेक्स पिस्टल्स हा पंक बँड तिथे वाजवून गेला होता. द क्लॅशचा 'लंडन कॉलिंग' तिथेच १९७९ मध्ये ध्वनिमुद्रित झाला होता. त्याच भिंतींच्या आत आता दिवे घालवले गेले. मेणबत्त्या, तेलाच्या रंगांची छाया भिंतीवर फिरवणारा एक प्रोजेक्टर, बाकी काळोख. ध्वनिमुद्रक फिल ब्राउनने पुढे 'आर वी स्टिल रोलिंग?' या आठवणींच्या पुस्तकात त्या महिन्यांबद्दल लिहिलं आहे. बाहेर दिवस आहे की रात्र, हे आत कळत नसे.

वादक एकेक करून यायचे. जाझ वाजवणारा हेन्री लोथर ट्रंपेट घेऊन आला. पेंटँगल बँडचा डॅनी थॉम्पसन डबल बेस घेऊन. सनईसारखा मऊ क्लॅरिनेट घेऊन अँड्रयू मॅरिनर. नायजेल केनेडी व्हायोलिन घेऊन. हा तोच केनेडी, ज्याच्या विवाल्दीच्या १९८९ मधल्या 'फोर सीझन्स'ने पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या विक्रीचे उच्चांक मोडले. इथे त्याला शोधावं लागतं.

आलेल्या वादकाला पूर्ण गाणं दिलं जात नसे. थोडंसं ऐकव, मग अंधारात तुला सुचेल ते वाजव. तो तासन्‌तास वाजवायचा. त्यातला एखादा तुकडा, कधी दोन-चार सूर, ठेवला जायचा. बाकीचं पुसलं जायचं. ठेवलेले तुकडे मग टेपवर पुढेमागे सरकवत, एकमेकांच्या शेजारी बसवत गाणं उभं राहिलं. जे वादक एकमेकांना कधी भेटलेच नाहीत, ते तबकडीवर एकमेकांचं ऐकून वाजवत असल्यासारखे वाटतात.

सुपात धान्य पाखडणारी बाई काय टाकायचं याकडे बघते. ठेवायचं ते आपोआप ठेवलं जातं. पण तिच्या सुपातून जातो तो कोंडा. इथे टाकलेलंही चांगलं होतं, नावाजलेल्या माणसांनी मन लावून वाजवलेलं होतं. वाईट टाकणं ही स्वच्छता. चांगलं टाकणं हा निर्णय, आणि तो प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो, कारण मागच्या वेळचं धाडस या वेळी कामाला येत नाही.

दोन सूर वाजवण्याआधी एक वाजवायला शिकावं, आणि कारण असल्याखेरीज तोही वाजवू नये, अशा अर्थाचं हॉलिस बोलत असे. शांतता त्याला कुठल्याही सुरापेक्षा वरची वाटायची. अशी वाक्यं बोलायला सोपी. त्याने ती भाड्याने घेतलेल्या स्टुडिओत, तासाला पैसे मोजत पाळली.

बदल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नवं काही घेणं येतं: नवं वाद्य, नवा ठेका, नवा वेश. या अल्बमने मला शिकवलं की हातातलं ठेवून देणं हा त्याहून अवघड बदल. घेताना हात भरलेले असतात. ठेवून दिल्यावर ते रिकामे दिसतात, आणि रिकाम्या हातांनी लोकांपुढे उभं राहायला फार कमी जण तयार होतात.

*

अल्बमवर सहा गाणी. पहिल्या बाजूची तीन एकमेकांत मिसळून गेलेली, मध्ये थांबायला जागा नाही. दुसऱ्या बाजूला 'आय बिलीव्ह इन यू' आहे. हेरॉइनच्या व्यसनाचं गाणं. या विषयावर किती गाणी आरडाओरडा करतात! इथे आवाज खाली जातो, इतका खाली की तो आपल्याशीच बोलतोय की स्वतःशी, हे कळेनासं होतं. मग चेम्सफर्ड कॅथीड्रलच्या मुलांचे स्वर उगवतात. माझ्यासाठी संपूर्ण तबकडीचं मोल त्या एका क्षणात वसूल होतं. दुःख जितकं खरं तितकं त्याला वाद्य कमी लागतं.

हॉलिसचे शब्द नीट ऐकू येत नाहीत, अशी तक्रार तेव्हाही होती, आजही आहे. मला ती पटत नाही. माणूस कण्हतो तेव्हाही शब्द कळत नाहीत.

आलाप ऐकायची सवय असलेल्या कानांना हे अवघड जाऊ नये. तंबोरे लागेपर्यंत आपण बसून राहतो, स्वर हळूहळू उघडतो त्याची वाट बघतो, समेची घाई करत नाही. रॉककडे मात्र आपण हात पुढे करूनच येतो. अपेक्षा कानात आधीच वाजत असते, आणि तिच्या आवाजात समोरचं काही ऐकू येत नाही.

*

काम चालू असताना कंपनीच्या माणसांना काही ऐकवलं गेलं नाही. तयार झाल्यावर त्यांनी ऐकलं, तेव्हा विकायला हाताशी एकही गाणं नव्हतं. हॉलिसने दौऱ्याला नकार दिला: अंधारात तुकड्या-तुकड्यांनी जमलेलं मंचावर परत उभं करता येणार नाही. १९८६ नंतर टॉक टॉक मंचावर दिसला नाही. 'आय बिलीव्ह इन यू' कापून लहान केलं, सिंगल म्हणून काढलं. ते चाललं नाही. अल्बम एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत गेला आणि उतरला.

मग कोर्ट. करार पुढे चालू आहे असं कंपनी म्हणत होती, संपला असं बँड म्हणत होता. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली, अपिलात बँड. १९९० साली कंपनीने जुन्या गाण्यांचा 'नॅचरल हिस्टरी' हा संग्रह काढला. तो तिसऱ्या क्रमांकावर गेला, म्हणजे त्यांच्या कुठल्याही नव्या अल्बमपेक्षा वर. 'इट्स माय लाइफ' १९८४ साली सेहेचाळिसाव्या क्रमांकावर अडकलं होतं. १९९० मध्ये ते तेराव्यावर पोचलं. कंपनीला बँडचा भूतकाळ हवा होता, आणि भूतकाळ तिच्या मालकीचाच होता.

इथवर मी कंपनीची बाजू समजू शकतो. तिने पैसे घातले होते, ते परत मिळवायचे होते. पण १९९१ मध्ये तिने त्याच गाण्यांची रीमिक्स तबकडी काढली, बँडला न विचारता. ज्या संगीतातून हा माणूस सहा-सात वर्षं एकेक वाद्य काढत चालला होता, त्यावर परक्या हातांनी ठेके चढवले. बँड पुन्हा कोर्टात गेला, आणि उरलेल्या प्रती कंपनीला मागे घ्याव्या लागल्या. कलावंताला मोबदला कमी देणं हा अन्याय आहेच. त्याने जपलेली रिकामी जागा भरून टाकणं, हा माझ्या मते त्याहून मोठा.

*

जुन्या श्रोत्याला मात्र मी दोष देत नाही. एखादं गाणं आपण नुसतं ऐकत नाही; त्या वर्षीची खोली, त्या वर्षीची माणसं, स्टेशनवरचं वाट बघणं, सगळं त्याला चिकटतं. पुढचा अल्बम वेगळा निघाला की त्या सगळ्यावरून कुणी हात फिरवल्यासारखं होतं. आपण बँडवर चिडतो, पण रडू येतं ते आपल्या गेलेल्या वर्षाचं. ते वर्ष कुणीच परत आणू शकत नव्हतं. तशाच गाण्यांचा दुसरा अल्बमही नाही.

तेच ते देणारा बँड आपल्यावर प्रेम करतो असं वाटतं. खरं तर त्याने आपल्याला गिऱ्हाईक म्हणून ओळखलेलं असतं. आपली मापं त्याच्याकडे लिहिलेली असतात. बदलणारा बँड आपल्याला काही मोजून देत नाही. तो एवढंच धरून चालतो की आपले कान अजून वाढताहेत. एवढा विश्वास घरची माणसंही टाकत नाहीत.

फॅशनच्या मागे जाणारे बँडही बदलतात, दर दोन वर्षांनी. केस, वाद्यं, चित्रफितीतलं ऊन, सगळं बदलतं. ते अजून गिऱ्हाइकाला विचारूनच वाजवत असतात. त्यांच्याविषयी याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

*

टॉक टॉकच्या बदलाची किंमत पडली. 'स्पिरिट ऑफ ईडन'नंतर पॉल वेब निघाला. जे संगीत एकेकट्याने अंधारात वाजवून जमतं, त्यात बँड नावाची गोष्ट किती उरते? १९९१ चा 'लाफिंग स्टॉक' जाझसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हर्व्ह लेबलवर आला. तो आणखी विरळ, आणखी कठीण, आणि मला विचाराल तर आणखी सुंदर. त्यानंतर बँड संपला. बदलत जाण्याच्या वाटेवर आपण जिथून निघालो ते घर मोडू शकतं. हे ठाऊक असून निघणाऱ्यालाच धाडसी म्हणावं.

१९९४ मध्ये सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकाने दुसऱ्या एका बँडविषयी लिहिताना 'पोस्ट-रॉक' हा शब्द वापरला, आणि रॉकची वाद्यं घेऊन रॉक न वाजवणाऱ्या संगीताला नाव मिळालं. त्या संगीताचा उगम शोधणारे आज 'स्पिरिट ऑफ ईडन'पाशी येतात. २००० साली रेडिओहेड या बँडने 'किड ए' काढला. गिटारवर मिळवलेलं नाव आणि त्यातल्या गिटारीच बऱ्याचशा बाजूला, एकही सिंगल नाही. तरी तो ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेला. त्याचं श्रेय एकट्या टॉक टॉकला देणं चूक ठरेल. पण बारा वर्षांत कान बदलले होते, आणि कान आपोआप बदलत नाहीत. कुणाला तरी आधी पडावं लागतं.

हॉलिसचा एकट्याच्या नावाचा अल्बम १९९८ मध्ये आला. समोर दोन मायक्रोफोन, विजेवर चालणारं एकही वाद्य नाही. वादकाची हालचाल, खोलीतली हवा, खुर्चीचा आवाज ऐकू येतो. तबकडी सुरू झाल्यावर काही सेकंद काहीच वाजत नाही. मग पियानोचे सूर येतात आणि पहिलं गाणं सुरू होतं. त्या गाण्याचं नाव 'द कलर ऑफ स्प्रिंग'. बारा वर्षांपूर्वीच्या त्या लोकप्रिय अल्बमचं नाव त्याने अशा जागी ठेवलं, जिथे त्याच्याभोवती भरपूर मोकळी जागा होती. तो बदलला म्हणणाऱ्यांनी हे गाणं एकदा ऐकावं. आधीचं त्याने टाकलं नव्हतं. त्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला त्याला तेवढी वर्षं लागली.

त्यानंतर तो जवळजवळ गप्प झाला. याचं लोकांनी गूढ केलं. शांततेचा शोध घेणारा शेवटी शांततेत विरघळला, वगैरे. त्याने स्वतः दिलेलं कारण साधं होतं: दौरे करत फिरणं आणि मुलांचा चांगला बाप होणं एकाच वेळी जमत नाही. मला हे कारण कुठल्याही तत्त्वज्ञानापेक्षा मोठं वाटतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी तो गेला.

'स्पिरिट ऑफ ईडन' ऐकलं नसेल तर एकदा ऐका. पहिली बाजू सुमारे तेवीस मिनिटांची आहे, ती एका बैठकीत ऐका. जमलं तर दिवा घालवा. सुरुवातीची दोन मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल. तेव्हा आवाज वाढवू नका.